गरुडध्वज आणि देवमोगरा

देवधर्मांच्या सरमिसळीचा विषय निघाला की ग्रीकांचे उदाहरण हटकून दिले जाते. परक्यांच्या देवतांना खोटे ठरविण्याची खोड त्यांना नव्हती, हे खरेच. इजिप्तचा आमोन म्हणजे आपलाच झ्यूस, असे ते सहज म्हणत. पहिल्या टॉलेमीच्या काळात अलेक्झांड्रियात ओसिरिस-आपिस या इजिप्शियन देवतेला दाढीधारी ग्रीक रूप मिळाले आणि सेरापिस उभा राहिला. पुढे रोमन साम्राज्यात दूरदूरवर त्याची मंदिरे झाली. एकाच देवाला मान्यता देणारी राजसत्ता आली, तेव्हा इ. स. ३९१च्या सुमारास अलेक्झांड्रियातील त्याचे महामंदिर उद्ध्वस्त झाले.

परंतु ग्रीकांच्या या उदारतेतही दोन प्रकार होते. नंदुरबार जिल्ह्यात, विशेषतः सातपुड्याच्या रांगांत वावरणाऱ्यांनी तो भेद ध्यानी घेण्याजोगा आहे.

चंद्रगुप्त मौर्याच्या दरबारी आलेल्या मेगॅस्थनीसने मथुरेच्या शूरसेनांचा आराध्य देव ‘हेराक्लीस’ असल्याचे नोंदविले. त्यात अनादर नव्हता. पण मूळ नावच गळाले. तो श्रीकृष्ण असावा, असे अनुमान आज अभ्यासकांना करावे लागते! याउलट इ. स. पू. दुसऱ्या शतकात तक्षशिलेहून विदिशेस आलेला यवन राजदूत हेलिओडोरस. त्याने वासुदेवाला ग्रीक नाव दिले नाही. ब्राह्मी लिपीत, प्राकृत भाषेत लेख कोरवून गरुडध्वज उभारला आणि स्वतःला ‘भागवत’ म्हणवून घेतले. नाशिकच्या पांडवलेण्यांतील सतरावे लेणेही एका यवनाचेच दान आहे. त्याचे नाव इंद्राग्निदत्त, आणि लेणे बौद्धांचे.

आता सातपुड्याकडे पाहू. अक्कलकुवा, तळोदा, धडगाव या भागांतील वनवासी बांधव महाशिवरात्रीच्या सुमारास सीमेपलीकडे, गुजरातेतील सागबारा तालुक्यात देवमोगरा येथे याहामोगी मातेच्या यात्रेला जातात. बांबूच्या टोपल्यांतून नवे धान्य नेतात. तिथी मैदानी पंचांगाची, नैवेद्य डोंगरातला. या श्रद्धेचा उर्वरित हिंदू समाजाशी काडीचाही संबंध नाही, असे ठासून सांगणाऱ्यांना ही तिथी अडचणीची वाटत असावी. मात्र अडचण केवळ त्यांचीच नाही. याहामोगी म्हणजे आपली अंबाच, असे सांगून तिच्या ठाण्याशेजारी छापील तसबीर मांडण्याचा उत्साह ज्यांना येतो, ते हेतूने कितीही शुद्ध असोत, मेगॅस्थनीसचाच कित्ता गिरवतात. वाघदेवाची पूजा ज्या रीतीने गावाचा पुजारा करतो, ती रीत आधी शिकावी. त्याची बोली शिकावी. हेलिओडोरस ब्राह्मीकडे वळला, त्याने विदिशेकरांना ग्रीक शिकविण्याचा खटाटोप केला नाही. काठीच्या होळीत पाहुण्याने मागे उभे राहणे, एवढे तरी जमावे.

विदिशेच्या त्या स्तंभाचे पुढे काय झाले, हेही मोठे विलक्षण. यवनाचे नाव लोक विसरले, पण स्तंभ ‘खांबबाबा’ होऊन पूजेत राहिला. १८७७ साली कनिंगहॅमने तो पाहिला, तेव्हा भाविकांनी माखलेल्या शेंदराच्या थराखाली लेख दडलेला होता. तो वाचायला मिळाला १९०९च्या सुमारास, शेंदूर उतरविल्यावर.