पदवीचा प्रश्न दहावीतच विचारा

बारावीचा निकाल लागला, की शहाद्यातील महाविद्यालयांच्या कार्यालयांपुढे पालकांची गर्दी होते आणि बी. ए. बरे की बी. एस्सी. बरे, की सरळ अभियांत्रिकीलाच घालावे, या चर्चेला ऊत येतो. प्रश्न रास्त आहे; परंतु तो दोन वर्षे उशिरा विचारला जातो. कोणत्या पदवीला कोण पात्र, याचा निर्णय त्या कार्यालयात होत नसतो. मुलाने अकरावीला शाखा निवडली, त्याच दिवशी तो झालेला असतो.

एकेकाळी अडचण निराळी होती. १९९० च्या १५ ऑगस्टला जळगावचे विद्यापीठ स्थापन होईपर्यंत खानदेशातील पदवी पुणे विद्यापीठाच्या नावाने मिळे. आज शहाद्यात कला, विज्ञान, वाणिज्य तर आहेतच, शिवाय अभियांत्रिकी आणि औषधनिर्माणशास्त्र यांचीही महाविद्यालये आहेत. नंदुरबारला २०२० पासून शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे. संस्था जवळ आल्या, हे निर्विवाद. पण धडगाव-अक्कलकुव्याच्या पाड्यावरून जो मुलगा शहाद्याला येतो, तो बहुधा कला शाखेतच का दिसतो, या प्रश्नाचे उत्तर त्यातून मिळत नाही.

पात्रतेचे नियम नुसते शेजारी शेजारी मांडून पाहावेत. अभियांत्रिकीला बारावीत भौतिकशास्त्र व गणित अनिवार्य. ठरलेल्या तीन विषयांत मिळून खुल्या वर्गाला ४५ टक्के, राखीव वर्गाला ४० टक्के, आणि वर राज्याची सामाईक प्रवेश परीक्षा. वैद्यकीयला गणिताऐवजी जीवशास्त्र लागते, टक्केवारी अनुक्रमे ५० व ४०, आणि परीक्षा मात्र अखिल भारतीय. कृषी पदवी घ्या. ज्या तालुक्याचे सारे जीवन ऊस, केळी आणि कापूस यांवर चालते, तेथील शेतकऱ्याच्या मुलालाही अकरावीला कला शाखा घेतली असेल तर या पदवीला प्रवेश नाही. गणित 'जड जाते' म्हणून सोडणाऱ्या मुलीला अभियांत्रिकीचा रस्ता बंद झाल्याचे कुणी सांगत नाही; ते तिला अर्ज भरताना कळते.

आता ही शाखा खरोखर 'निवडली' जाते काय? सगळ्याच आश्रमशाळांना कनिष्ठ महाविद्यालय जोडलेले नाही. जेथे आहे तेथे विज्ञान शाखा असेलच असे नाही, आणि शाखा असली तरी प्रयोगशाळा व गणिताचा शिक्षक असेलच अशी खात्री कोण देईल? जे गावात आहे ते मूल घेते, आणि आपण त्याला आवड म्हणतो.

येथे एक आडवाट सांगितली पाहिजे, कारण ती फार थोड्यांना ठाऊक असते. दहावीनंतर तंत्रनिकेतनाच्या तीन वर्षांच्या पदविकेला ३५ टक्के गुणही पुरतात. ती पदविका ४५ टक्क्यांनी, राखीव वर्गास ४० टक्क्यांनी, उत्तीर्ण झाली, की अभियांत्रिकीच्या थेट दुसऱ्या वर्षाला अर्ज करता येतो. बारावी नाही, सामाईक परीक्षाही नाही. मराठी माध्यमातून आलेल्या व शिकवणीचा खर्च न पेलणाऱ्या मुलाला हा मार्ग अधिक मानवतो, असे आमचे मत आहे.

कला शाखेला कमी लेखण्याचा येथे हेतू नाही. राज्यसेवा परीक्षेला कोणतीही पदवी चालते. विधीच्या पाच वर्षांच्या अभ्यासक्रमाला कोणत्याही शाखेची बारावी ४५ टक्क्यांनी, अनुसूचित जातीजमातींना ४० टक्क्यांनी, आणि प्रवेश परीक्षा एवढे पुरते. आदिवासी तालुक्यांना वकिलांची गरज किती आहे, हे सांगणे नलगे. पण मर्यादाही माहीत हव्यात. महाराष्ट्र वनसेवेच्या परीक्षेला नुसत्या कला पदवीवर बसता येत नाही. म्हणजे सातपुड्याच्या जंगलात जन्मलेला, झाडन्‌झाड ओळखणारा मुलगा बी. ए. झाला, तर त्याच जंगलाचा वनक्षेत्रपाल होण्याची परीक्षा त्याला बंद! बी. एड्. ला पदवीत ५० टक्के, राखीव वर्गाला ४५ टक्के लागतात. 'पास झालो' एवढ्यावर समाधान मानणाऱ्याला हा आकडा पुढे नडतो. शिवाय २०१५ पासून बी. एड्. दोन वर्षांचे आहे, तेव्हा घरच्यांनी खर्चाचा हिशेब पाच वर्षांचा धरावा.

नियमही जागचे हलत असतात. बी. बी. ए., बी. सी. ए. यांना कालपर्यंत थेट प्रवेश मिळे. २०२४ मध्ये त्यांना राज्याची प्रवेश परीक्षा लागू झाली, पुष्कळांना त्याचा पत्ताच लागला नाही, आणि जागा रिकाम्या राहू लागल्या तेव्हा त्याच वर्षी पुन्हा परीक्षा घ्यावी लागली. त्याच २०२४ च्या जूनपासून संलग्न महाविद्यालयांत नवे शैक्षणिक धोरण आले. पदवी आता तीन वर्षांची, हवी तर चौथे वर्ष घेऊन ऑनर्सची. बी. एड्. किंवा स्पर्धा परीक्षेसाठी तीन वर्षे पुरेशी आहेत. चौथे वर्ष संशोधनासह करायचे, तर पहिल्या सहा सत्रांत ७५ टक्के हवेत. हे प्रवेश घेतानाच मुलांना सांगितले जावे.

आणि या जिल्ह्यात सर्वांत मोठी अट गुणांची नाहीच. साध्या पदवीला जमातीचा दाखला भागतो. अभियांत्रिकी वा वैद्यकीयच्या राखीव जागेला वैधता प्रमाणपत्र लागते. त्यासाठी आजोबा-पणजोबांच्या शाळेच्या वा महसुली नोंदी शोधाव्या लागतात. ज्या घरातील पहिलाच मुलगा शाळेत गेला, तेथे त्या नोंदी कोठून यायच्या? तपासणी समिती नंदुरबारला आहे, हे खरे. पण अर्ज बारावीच्या निकालानंतर केला, तर प्रवेशाच्या फेऱ्या थांबून राहत नाहीत. हा अर्ज अकरावी-बारावीत असतानाच कनिष्ठ महाविद्यालयामार्फत करता येतो. तो वेळेवर गेला की नाही, हे पाहणे वर्गशिक्षकाच्या व लिपिकाच्या हातात आहे.

तालुक्यातील महाविद्यालयांनी एकत्र येऊन पदवी, लागणारे विषय, टक्केवारी, परीक्षा व कागदपत्रे यांचा एका पानाचा तक्ता दर दिवाळीपूर्वी छापावा आणि तो आश्रमशाळांसह प्रत्येक शाळेच्या दहावीच्या वर्गात लावावा. खर्च काही शे रुपयांचा आहे. बदललेला नियम दुरुस्त करण्याचे काम एका प्राध्यापकाकडे नावानिशी सोपवावे, नाहीतर भिंतीवर जुनाच तक्ता वर्षानुवर्षे पिवळा पडत राहील.