पाळी संपली तरी कुलूप ज्याचं त्याचंच!

नीरा डावा कालवा १८८५ पासून बारामती-इंदापूरकडे पाणी आणतो. त्या पाण्यावर पिकणाऱ्या घरची पोरं होस्टेलवर पुष्कळ आहेत. त्यांना पाळी म्हणजे काय हे शिकवावं लागत नाही. आपले तास भरले की पाणी शेजाऱ्याला! म्हणूनच ऑपरेटिंग सिस्टीमच्या लॅबमध्ये एक प्रश्न हमखास निघतो. एखाद्या थ्रेडने लॉक फार वेळ धरून ठेवलं, तर टाइमआउट झाल्यावर कर्नलने ते काढून दुसऱ्याला का देऊ नये?

माझं स्पष्ट मत आहे, देऊ नये. टाइमआउट ही थांबणाऱ्याची सोय आहे, धरणाऱ्याला शिक्षा नव्हे.

कारण पहा. पाणी मध्येच तुटलं तर निम्मा ऊस कोरडा राहील, नुकसान त्या एकाचं. पण थ्रेड लिंक्ड लिस्टमधून नोड काढतोय, एक पॉइंटर बदललाय, दुसरा बदलायचाय, आणि तेवढ्यात लॉक हिसकावलं तर? पुढचा थ्रेड त्या मोडक्या लिस्टवर विश्वासाने चालणार आणि तोंडावर आपटणार! म्हणूनच लिनक्स कर्नलमध्ये २००६ साली आलेल्या म्युटेक्सचा नियम कडक आहे : ज्याने लावला त्यानेच उघडायचा. लॉकची वाट पाहत कुणी १२० सेकंदांहून जास्त अडकला, तर नेहमीच्या सेटिंगला कर्नल लॉगमध्ये तक्रार नोंदवतो, लॉकला हात लावत नाही.

मग उशीर करणाऱ्याचं काय? १९९७ मध्ये मंगळावर उतरलेलं पाथफाइंडर यान पुन्हा पुन्हा रीसेट होत होतं. हवामानाची नोंद घेणाऱ्या कमी प्रायॉरिटीच्या टास्ककडे म्युटेक्स होता. मधल्या प्रायॉरिटीचे टास्क त्याला सीपीयू मिळू देत नव्हते आणि जास्त प्रायॉरिटीचा महत्त्वाचा टास्क ताटकळत होता. नासाने लॉक हिसकावलं नाही. प्रायॉरिटी इनहेरिटन्स चालू केलं, म्हणजे थांबणाऱ्याची प्रायॉरिटी तेवढ्यापुरती धरणाऱ्याला दिली. त्याचं काम लवकर उरकलं, लॉक आपोआप सुटलं.

आणि धरणाराच मेला तर? त्यासाठी रोबस्ट म्युटेक्स आहे. पुढच्याला लॉक मिळतं, पण 'आधीचा मालक गेला' या निरोपासकट. आधी डेटा नीट करायचा, मगच पुढे.

तेव्हा मित्रांनो, प्रोग्रॅममध्ये टाइमआउट जरूर लावा. वेळ संपली की स्वतःकडची लॉक्स सोडा, जरा थांबा, पुन्हा प्रयत्न करा. दुसऱ्याच्या कुलपाला मात्र हात लावू नका!