लेकरांचा मधुमेह : गावाने डोळे उघडावेत

गोदाकाठच्या शहागड परिसराला साखर नवी नाही. ऊस आपल्याच शेतात, कारखाना जवळच अंकुशनगरला. पण ‘साखरेचा आजार’ म्हटले की डोळ्यांपुढे येतो तो पन्नाशीतला, बसून खाणारा माणूस. हा आजार शाळकरी पोरालाच काय, दोन वर्षांच्या लेकरालाही होतो, हे सांगूनही पटत नाही. आणि पटत नाही म्हणूनच लेकरे हातची जातात.

पोटातले स्वादुपिंड इन्सुलिन तयार करते. लेकरांच्या मधुमेहात शरीराची रोगप्रतिकारक शक्तीच उलटते आणि इन्सुलिन बनवणाऱ्या पेशी मारते. पाटात पाणी भरपूर, पण वाफ्याचे दार उघडत नाही, मग पीक वाळणारच! तसेच हे. रक्तात साखर साचते, अंगाला मात्र लागत नाही. गोड खाल्ल्याने हा आजार होत नाही, एकाचा दुसऱ्याला लागत नाही, आणि यात आईबापाचाही काही दोष नाही.

लक्षणे ओळखायला डिग्री लागत नाही. लेकरू सारखे पाणी मागते, रात्रीतून चार-चार वेळा लघवीला उठते, बंद झालेले अंथरूण ओले करणे पुन्हा सुरू होते, लघवीला मुंग्या लागतात, पोटभर खाऊनही वाळत जाते. असे दिसले की त्याच दिवशी बोटाच्या थेंबभर रक्तावर साखर तपासून घ्यावी. उलट्या, पोटदुखी, जोरजोराचा श्वास, गुंगी सुरू झाली तर तासांचा खेळ उरतो. तेव्हा अंगारा-धुपारा, गंडा-दोरा करीत बसू नये. थेट जालन्याचे जिल्हा रुग्णालय किंवा संभाजीनगरची घाटी गाठावी.

उपाय एकच, रोजचे इन्सुलिनचे इंजेक्शन. गोळ्यांनी किंवा झाडपाल्याने त्याची जागा भरून निघत नाही. १९२२ साली कॅनडातील टोरांटोत चौदा वर्षांच्या एका मुलाला हे औषध प्रथम दिले गेले. त्याआधी अशी लेकरे फार काळ जगत नसत. आज ती शिकतात, नोकरी-शेती करतात, संसार करतात. ‘आता बरे वाटतेय’ म्हणून सुई बंद केली, की मात्र घात होतो. मुलीच्या लग्नात अडचण नको म्हणून आजार लपवणे, सुई चुकवणे, हा तर तिच्या जिवाशी खेळ आहे.

ऊसतोडीला जाणाऱ्या कुटुंबांनी विशेष जपावे. इन्सुलिन उन्हात खराब होते. फ्रिज नसेल तर एका मडक्यात दुसरे मडके, मध्ये ओली वाळू, आत बाटली कोरडी ठेवावी. गोठू मात्र देऊ नये. बाटली ४० युनिटची असेल तर सिरिंजही ४० चीच हवी. १०० ची वापरली तर मात्रा चुकते.

गुरुजींनीही एक गोष्ट ध्यानात ठेवावी. अशा पोराला घाम सुटला, हातपाय कापू लागले, ते बरळू लागले, तर साखर खाली गेली असे समजावे. शुद्धीवर असेल तर तीन चमचे साखर पाण्यातून द्यावी. बेशुद्ध असेल तर तोंडात काही न घालता दवाखाना गाठावा. वर्गात त्याला पाणी पिण्यास, लघवीस आणि डबा खाण्यास कधी अडवू नये.

राहिला खर्च. रोजची सुई आणि तपासणीच्या पट्ट्या गरिबाला झेपत नाहीत. संभाजीनगरात ‘उडान’ ही संस्था अशा मुलांसाठी काम करते, नागपुरात १९९५ पासून ‘ड्रीम ट्रस्ट’ आहे. पण संस्थेपर्यंत लेकरू पोचवायचे कोणी? सरपंच, ग्रामसेवक, आशाताई, अंगणवाडीताई यांनीच. ग्रामपंचायतीने एक ग्लुकोमीटर आणि पट्ट्या आशाताईकडे ठेवाव्यात. गावात असे लेकरू असेल तर त्याचे इन्सुलिन संपण्याआधी मिळते की नाही, ही चौकशी मासिक सभेत व्हावी. बैलाला रोग झाला तर आपण रात्री डॉक्टर उठवतो. लेकरासाठी तेवढी धावपळ गावाने केलीच पाहिजे.