आवडतीची मासवडी, नावडतीचं माडगं

गोष्टीतल्या राजाला दोन राण्या असतात, एक आवडती आणि एक नावडती. घरातल्या जेवणाचंही तसंच आहे बॉस! गेले पंधरा दिवस मी जुन्नर-आंबेगावकडच्या झाडून सगळ्या नातेवाइकांना, मित्रमैत्रिणींना आणि मित्रांच्या आयांना एकच प्रश्न विचारत सुटलेय. घरात होणारा सगळ्यात लाडका पदार्थ कोणता आणि ताटात दिसला की तोंड वाकडं होतं असा कोणता? पनीर, पिझ्झा, शेजवान असलं काही चालणार नाही, ही अट. घरच्या चुलीवर (ओके, गॅसवर) होतं तेच सांगायचं.

पहिल्या अर्ध्या प्रश्नाचा निकाल एकदम एकतर्फी लागला. मासवडी!

ज्यांनी खाल्ली नाही त्यांच्यासाठी सांगते, मासवडीत मासा नसतो. फोडणीच्या उकळत्या पाण्यात बेसन वैरून ते घट्ट शिजवायचं. गरम असतानाच ओल्या फडक्यावर पातळ थापायचं. त्यावर सुकं खोबरं, तीळ, खसखस, तळलेला कांदा, लसूण, कोथिंबीर आणि मसाला यांचं सारण पसरायचं. मग फडक्याच्या आधारानेच गुंडाळी करून ती वरून चिमटत, दाबत आणायची. त्या वळकटीच्या वड्या कापल्या की माशाच्या तुकडीसारख्या दिसतात, म्हणून मासवडी. सोबत कांदा-खोबरं भाजून केलेला, लालभडक तवंगाचा पातळ रस्सा आणि बाजरीची भाकरी. विदर्भातली पाटवडी हिची चुलत बहीण म्हणता येईल, पण तिच्या पोटात सारण नसतं. विदर्भवाल्यांनी रागवू नये, पण खरी मजा सारणातच आहे.

वारकरी घरांमध्ये मासवडीचा मान आणखी मोठा. गळ्यात माळ असली की मटण बंद. मग पाहुणा आला, जावई आला, काही साजरं करायचं असलं की झणझणीत रस्सा ओरपण्याचं समाधान मासवडीच देते. माझा एक मित्र तर हिला सरळ ‘माळकऱ्यांचं मटण’ म्हणतो. पुणे-नाशिक हायवेवर मंचर, नारायणगाव, आळेफाटा या पट्ट्यात हॉटेलांच्या पाट्यांवर ‘स्पेशल मासवडी’ झळकते. पुण्यात डिसेंबरमध्ये भीमथडी जत्रा भरते, तिथेही मासवडीच्या स्टॉलपुढे आपली आयटीवाली जनता प्लेट हातात धरून उभी असते.

म्हणजे मासवडी सुपरहिट. मी लिहायला बसणार, तेवढ्यात मंचरच्या मावशीचा फोन आला. तिचं उत्तर राहिलं होतं.

‘माझी नावडती लिही, मासवडी.’

मला वाटलं, चेष्टा करतेय. पण मावशी सीरियस होती. म्हणाली, ‘तुम्ही शनिवारी रात्री अकराला फोन करता, उद्या आम्ही आठ जण येतोय, मासवडी कर. मी पाचला उठते. खोबरं किसायचं, तीळ-खसखस भाजायची, वाटण वाटायचं. बेसन हाटताना खांदा भरून येतो. थंड झालं तर थापलं जात नाही, म्हणून गरमच थापायचं, हात पोळतात. पहिली पंगत, दुसरी पंगत, मधेमधे भाकऱ्या. माझ्या वाट्याला येतात ते वळकटीचे कडेचे तुकडे. त्यात सारणच नसतं. वीस वर्षं झाली बाई, मी मधली वडी गरम खाल्लेली नाही.’

आता बोला! इतक्या जणांना विचारून झालं होतं, पण खाणारे किती आणि करणाऱ्या किती, हे मी मोजलंच नव्हतं. मग परत फोनाफोनी केली. या वेळी फक्त करणाऱ्यांना. जुन्नरच्या काकूने मासवडीच सांगितली. ओतूरच्या मैत्रिणीच्या आईने आधी ‘असं कुठं असतं का, पोरांना आवडतं ना’ म्हणून टाळलं आणि मग हळूच मासवडी सांगितली. नारायणगावच्या एका वहिनींनी नाव घेतलं पुरणपोळीचं, पण कारण सेम टू सेम.

बचत गटातून मासवडीच्या ऑर्डरी घेणारी एक ताई मात्र ठाम होती. तिला मासवडी आवडते. करायलासुद्धा! ‘घरी कोणी विचारत नाही, किती वाजता उठलीस. इथे वडीमागे पैसे मिळतात,’ इतकं साधं गणित. मला ते फार पटलं. मावशीलाही सांगितलं. ती म्हणाली, ‘मग तुम्हाला बिल लावते.’ लाव म्हटलं!

मावशीची आवडती डिश विचारली तर म्हणाली, आण्याची आमटी-भाकरी. जुन्नरच्या पूर्वेला आणे गाव आहे. तिथल्या रंगदास स्वामींच्या यात्रेत आमटी-भाकरीचा महाप्रसाद असतो. भल्यामोठ्या कढयांत मसालेदार आमटी शिजते, भाकऱ्या आसपासच्या घराघरांतून येतात आणि हजारो माणसं जमिनीवर बसून जेवतात. ‘तिथं मी नुसती बसते आणि कुणीतरी मला वाढतं.’ त्या भाकऱ्या कोण भाजतं, हे मी विचारलं नाही. तिचा मूड चांगला होता.

दुसऱ्या अर्ध्या प्रश्नाला मात्र छप्पन्न उत्तरं. शेपू, दोडका, कारलं हे नेहमीचे यशस्वी कलाकार होतेच. पण नारायणगावच्या मित्राचं उत्तर ऐका. टोमॅटोची कुठलीही भाजी, चटणी, सार, काहीही! नारायणगावला टोमॅटोचा मोठा बाजार आहे आणि याच्या घरी टोमॅटोची शेती. ‘रेट पडला की घरात टोमॅटो. सकाळी चटणी, रात्री सार. आमच्या ताटावरून मार्केट कळतं.’ २०२३ च्या जुलैमध्ये शहरात टोमॅटोने किलोला शंभरी ओलांडली, तेव्हा तुम्हीआम्ही कोशिंबीर बंद केली होती. याच्या घरीही तेव्हा टोमॅटो बंद होता, कारण सगळा माल विकायला जात होता. त्याच्या मते तो त्यांच्या स्वयंपाकघराचा सुवर्णकाळ!

आणि मग हुलगा. कोकणवाले याला कुळीथ म्हणतात. एकाच घरात इतकं टोकाचं मत दुसऱ्या कुठल्याच पदार्थाबद्दल सापडलं नाही. माझा चुलतभाऊ जिमवाला. प्रोटीन, फायबर, मिलेट, सगळं त्याला तोंडपाठ. (हुलगा हे मिलेट नव्हे, कडधान्य आहे, हे त्याला कोणी सांगायचं?) हुलग्याचं माडगं हे त्याचं नवं प्रेम. हुलगे भाजून दळायचे, ते पीठ गूळ घालून पाण्यात शिजवायचं, गरमगरम प्यायचं. सर्दीवर एकदम बेस्ट. आमची आजी त्या वाटीकडे बघतही नाही.

कारण १९७२. त्या दुष्काळात आजी खडी फोडायला जायची. रेशनवर मिळायचा अमेरिकेतून आलेला लाल मिलो. कामावर सुकडी. आणि घरात जो काही मूठभर हुलगा होता, त्याचं पाणीदार माडगं. गूळ नाही, काही नाही. दोन्ही वेळा तेच. ‘ते पिऊन पोरं झोपायची नाहीत, नुसती पडून राहायची,’ आजी म्हणाली आणि गप्प झाली. पुढे कुकडी प्रकल्पाची धरणं झाली, कालव्याखालच्या शिवारात ऊस आला, द्राक्षं आली, उसात बिबटे आले. हुलगा मागे पडला तेव्हा आजीला तरी वाईट वाटलेलं नाही. तिचं आवडतं जेवण विचारलं तर गव्हाची मऊ पोळी, साखर, तूप. चुलतभाऊ म्हणतो, आजी, गहू सोड, त्यात ग्लुटेन असतं. आजीने त्याला जे उत्तर दिलं ते या पानावर छापता येणार नाही.

तालुक्यांच्या पश्चिमेला, भीमाशंकरच्या अंगाला गेलं की ताट पुन्हा बदलतं. तिथे पाऊस जोरदार. भात, नाचणी, वरई आणि रानभाज्या. (आंबेगाव तालुक्याला ज्या गावाचं नाव आहे, ते मूळ गाव डिंभे धरणाच्या पाण्यात गेलं. तालुक्याचा कारभार घोडेगावातून चालतो.) तिकडचा माझा एक दोस्त हिंजवडीत टेस्टिंगमध्ये आहे. त्याचं आवडतं म्हणजे पहिल्या पावसात ओढ्यातून धरलेल्या खेकड्यांचं कालवण आणि भात. नावडतं, कुर्डूची भाजी. ऑगस्टमध्ये कृषी विभागाचे रानभाजी महोत्सव भरतात, ऑफिसातली मंडळी तिथून कुर्डूची जुडी आणून फोटो टाकतात. हा म्हणतो, ‘आमच्याकडे पावसाळाभर तीच होती यार. दुसरं आणायला पैसे लागायचे.’ तरी यंदा त्याने आईला सांगून डबाभर आणवली. खाल्ली का, विचारलं तर म्हणाला, अर्धी.

आजीला हुलग्याचा एकच प्रकार चालतो, शेंगोळी. तो तुम्हाला ऑफिसातून आल्यावरही जमेल, म्हणून देऊन टाकते. एक वाटी हुलग्याचं पीठ, अर्धी वाटी ज्वारीचं पीठ. आठ-दहा लसूण पाकळ्या, तीन-चार हिरव्या मिरच्या, जिरं, कोथिंबीर वाटून त्यातलं निम्मं पिठात घाला. मीठ, हळद घालून घट्ट मळा. हाताला तेल लावून करंगळीएवढ्या लांब वळ्या वळा आणि टोकं जोडून कडी करा. उरलेलं वाटण भरपूर तेलात फोडणीला टाका, चार-पाच वाट्या पाणी घालून खळखळ उकळी आणा आणि शेंगोळी एकेक करून सोडा. उकळी यायच्या आधी सोडली तर विरघळून पिठलं होतं. पंधरा-वीस मिनिटं मध्यम आचेवर शिजू द्या, शेवटी चमचाभर पीठ पाण्यात कालवून घाला, रस्सा दाट होतो. वाढताना वरून कच्चं तेल आणि शेजारी कांदा. आजीच्या मते लसूण दहा पाकळ्या म्हणजे कंजुषी, वीस घाला. दुसऱ्या दिवशी मीटिंग असेल तर तुमचं तुम्ही बघा.