भिंत बाहेरची, भुर्दंड घरचा

लंडनचा २४ मजली ग्रेनफेल टॉवर १४ जून २०१७ रोजी पेटला. ७२ माणसे गेली. आग लागली चौथ्या मजल्यावरच्या स्वयंपाकघरात, पण वर चढली ती नूतनीकरणात बाहेरून चढवलेल्या ज्वालाग्राही आच्छादनावरून. चौकशीत वास्तुविशारद, ठेकेदार, उत्पादक एकमेकांकडे बोटे दाखवीत राहिले.

मला महत्त्वाचा वाटतो तो पुढचा कायदा. २०२२ साली इंग्लंडमध्ये जुन्या सदोष घरांबाबत दाव्याची मुदत ६ वरून ३० वर्षांवर नेली गेली. आपल्या ‘रेरा’त बिल्डरने दोष विनामूल्य दुरुस्त करायचे, तेही ताबा दिल्यापासून ५ वर्षांतच कळवलेले. बाहेरच्या गिलाव्यातली चीर मात्र सहाव्या पावसाळ्यातही झिरपू लागते. मग वर्गणी काढायची सभासदांनी! तेव्हा भिंतीवर ओलीचा पहिला डाग दिसताच बिल्डरला लेखी कळवा, पोच घ्या. रंगाऱ्याला नंतर बोलवा.