आनंदाची माफी कशासाठी?

डिसेंबरच्या मध्यावर अड्यारचा पाऊस ओसरू लागतो, तमिळांचा मार्गळी महिना सुरू होतो आणि पहाटे दारोदार पांढऱ्या पिठीच्या रांगोळ्या उमटतात. त्याच सुमारास ख्रिस्ती घरांवर कागदाचे तारे लागतात. मराठी माणसाने ते प्रथम पाहिले तर त्याला दिवाळीच्या आकाशकंदिलाचीच आठवण व्हावी. नोकरीच्या निमित्ताने मी अहमदनगरहून, म्हणजे आजच्या अहिल्यानगरहून, येथे आलो त्याला चार वर्षे झाली. गेल्या नाताळात मीही असाच एक तारा सरकारी निवासाच्या सज्जात टांगला, आणि एकाच आठवड्यात मला त्याचा दोनदा जाब द्यावा लागला.

पहिला जाब विचारणारे आमच्या प्रार्थनामंडळातील एक वडीलधारे गृहस्थ. ते म्हणाले, "बंधू, या तारखेला शास्त्रात आधार नाही. दिव्यांत आणि फराळात पैसा घालवण्यापेक्षा तो दिवस प्रार्थनेत घालवावा." दुसरे आमच्या कचेरीतील मराठी स्नेही. त्यांनी हसत विचारले, "काय हो, साहेबी सणाची तयारी झाली वाटतं?" दोघांच्याही मनात आकस नव्हता. परंतु दोघांनाही मी एकच उत्तर दिले : "मुलांची हौस, म्हणून लावला हो." ते उत्तर खोटे होते. हौस माझी स्वतःची होती. ज्या आनंदाची मला लाज वाटावयास नको, त्याची मी माफी का मागितली, या प्रश्नाने पुढे कितीतरी दिवस माझा पिच्छा पुरवला. आज मी त्या दोघांनाही उत्तर देणार आहे.

प्रथम वडीलधाऱ्यांचा आक्षेप. शुभवर्तमानांत जन्माची तारीख नाही, हे मला मान्य आहे. 25 डिसेंबरचा सर्वांत जुना निश्चित उल्लेख इसवी सन 354 च्या एका रोमन नोंदवहीत आढळतो, आणि आर्मेनियन मंडळी आजही 6 जानेवारीलाच जन्मोत्सव करतात. पण यावरून काय सिद्ध झाले? तारीख माणसांनी ठरवली, एवढेच. आपल्या आजीची जन्मतारीख घरात कोणालाच ठाऊक नसते, म्हणून तिचा सत्कार करू नये असे कोणी म्हणतो काय? लूकच्या वृत्तांतात रानातल्या मेंढपाळांना जी वार्ता मिळते ती मोठ्या आनंदाची, आणि सर्व लोकांसाठी आहे. तारखेविषयी शास्त्र मौन पाळते. आनंदाविषयी मात्र मौन पाळत नाही.

मग ही आनंदाची धास्ती आमच्यात आली कोठून? तिचाही इतिहास आहे. इंग्लंडच्या पार्लमेंटने 1647 मध्ये कायदा करून नाताळ बंद केला. समुद्रापलीकडे मॅसॅच्युसेट्सच्या प्युरिटन वसाहतीने 1659 मध्ये नाताळ पाळणाऱ्यास पाच शिलिंग दंड ठरवला. तो कायदा 1681 पर्यंत टिकला. कायदा गेला तरी ती वृत्ती न्यू इंग्लंडमध्ये पुढे कैक पिढ्या राहिली. त्याच भूमीतील संस्थेने पाठवलेले मिशनरी 1813 मध्ये मुंबईस आणि 1831 मध्ये नगरास आले. त्यांचे ऋण मी विसरत नाही. त्यांनी शाळा काढल्या, 1842 मध्ये 'ज्ञानोदय' सुरू केला. माझ्या पणजोबांना अक्षरओळख झाली ती त्यांच्यामुळे. परंतु ज्ञानाबरोबर त्यांच्या पूर्वजांचे भांडणही आम्ही वारसाहक्काने का घ्यावे? प्युरिटनांचा कलह त्यांच्या राजाशी आणि बिशपांशी होता. आमच्या गावात ना तो राजा होता, ना ते बिशप. साधेपणाच्या नावाने जे आम्हांस शिकवले जाते, त्यात परकेपणा असलाच तर तो निषेधातच अधिक आहे.

आता माझे कचेरीतील स्नेही. नाताळ साहेबी असता तर तो साहेबाबरोबर 1947 साली बोटीत बसून गेला असता. 'नाताळ' हा शब्दच पाहा. तो इंग्रजी नव्हे, पोर्तुगीज आहे; 'पाव', 'चावी' आणि 'साबण' यांचा तो सहोदर. घराला कुलूप लावताना आपण परकी चावी फिरवली असे कोणाच्या मनातही येत नाही. वसईच्या गावांत आणि गोव्यात इंग्रजांचे राज्य येण्याच्या कितीतरी आधीपासून हा सण होत आहे. गोव्यातील राचोल येथे 1616 मध्ये 'ख्रिस्तपुराण' छापले गेले. त्याचा कर्ता फादर थॉमस स्टीफन्स जन्माने इंग्रज. पण येशूचा जन्म सांगावयास त्याने इंग्रजीचा आश्रय केला नाही. त्याने मराठी ओवी घेतली, आणि सुमारे 11 हजार ओव्या रचल्या. म्हणजे बेथलेहेमची कथा मराठीत नांदू लागल्याला चारशेहून अधिक वर्षे झाली. पुढे रेव्हरंड नारायण वामन टिळकांनी 1895 मध्ये बाप्तिस्मा घेतला, तेव्हा त्यांनी आपली अभंगवाणी दाराबाहेर ठेवली नाही. त्यांची भजने आमच्या मंदिरांत आजही टाळ-पेटीवर गाइली जातात, आणि त्यांचे अपुरे राहिलेले 'ख्रिस्तायन' लक्ष्मीबाईंनी पूर्ण केले. नगरकडच्या आमच्या घरांत नाताळाला करंज्या, चकल्या आणि शेव होतात. यात साहेब कोठे बसला आहे, हे माझ्या स्नेह्यांनी मला दाखवून द्यावे.

आणि येथे तर साहेबी म्हणण्याची सोयच नाही. अड्यार नदीच्या काठी, सैदापेठेजवळ, चिन्नमलै नावाची टेकडी आहे. प्रेषित थॉमस तेथे वास करून होता, अशी इथली परंपरा सांगते. तंजावरचे आपले सरफोजी महाराज श्वार्ट्झ या मिशनऱ्यास गुरुस्थानी मानीत. 1798 मध्ये श्वार्ट्झ वारला, तेव्हा महाराजांनी फ्लॅक्समन या इंग्रज शिल्पकाराकडून त्याचे संगमरवरी स्मारक करवून घेतले. महाराज अखेरपर्यंत हिंदूच राहिले. दुसऱ्याच्या सुखदुःखात सामील झाल्याने त्यांच्या स्वधर्मास काही उणेपणा आला नाही.

परंतु या दोहोंपेक्षा एक खडतर आक्षेप आहे, आणि तो मला कोणी घेतला नाही; या गावानेच घेतला. 26 डिसेंबर 2004 च्या सकाळी, नाताळचे तारे अजून दारांवर असतानाच, सुनामीची लाट येथल्या किनाऱ्यावर आली. नागपट्टणमच्या वेलांकण्णी क्षेत्री नाताळसाठी जमलेले कित्येक यात्रेकरू त्या लाटेने नेले. 2015 च्या डिसेंबरारंभी याच अड्यार नदीने पात्र सोडले आणि घरेच्या घरे पाण्याखाली गेली. असा डिसेंबर पाहिलेल्या गावात दिवे लावणे शोभते काय?

माझ्या शेजारच्या तमिळ आजींना मी हे भीतभीत विचारले. 2015 च्या पुरात त्यांचे तळमजल्यावरचे बिऱ्हाड वाहून गेले होते. त्या म्हणाल्या, त्या वर्षी केक झाला नाही, नवे कपडे झाले नाहीत; पण ओल्या भिंतीवर तारा लावला, कारण तो न लावता तर पुराने तेवढेही नेले असते. मला याहून मोठे भाष्य नको. मूळ कथा तरी कोणत्या सुखाची आहे? उतारशाळेत जागा नाही, बाळ गव्हाणीत, मागे हेरोदाची तलवार, आणि मग रातोरात मिसरची वाट. दुःख ठाऊक नसलेल्यांचा हा सण नव्हे. ते ठाऊक असूनही दिवा लावणाऱ्यांचा आहे.

वडीलधाऱ्यांची एक गोष्ट मात्र मी शिरोधार्य मानतो. हप्त्यावर घेतलेले कपडे, शेजाऱ्याला दिपवण्यासाठी केलेली रोषणाई, घरातल्या बाईचा चूल आणि ओट्यापाशीच सरलेला सण, याला मी आनंद म्हणत नाही. त्यावर टीका करावी, अवश्य करावी. पण तण माजले म्हणून शेत जाळणारा शेतकरी शहाणा ठरत नाही.

परप्रांती नेमणुकीवर असलेले आपण सारेच हे जाणतो. बदलीच्या गावी गणपती बसवताना, दाराशी आकाशकंदील लावताना, शेजारच्या नजरेत एक प्रश्न दिसतो आणि आपण अकारण ओशाळून "मुलांसाठी हो" असे पुटपुटतो. सणाच्या दिवशी मनुष्य आपण कोण आहोत हे उघड सांगत असतो. ते मुलांच्या आडून का सांगावे?

यंदाही तारा लागेल. तो मी माझ्यासाठी लावीन. आमचे वडीलधारे आले तर त्यांच्याबरोबर प्रथम टिळकांचे एक भजन म्हणेन, मग करंजीचे ताट पुढे करीन. कचेरीतील स्नेही आले तर तेच ताट त्यांच्याही पुढे येईल. "साहेबी सण" म्हणावयाचे असेल तर त्यांनी तोंडात करंजी धरून म्हणावे.