आमच्या पोरांनाही जादू हवी

सुट्टी लागली की वडूजमधली पोरं मोबाइलवर हॅरी पॉटर बघतात, हिंदीत डब केलेला. अकरा वर्षांच्या पोराला जादूच्या शाळेचं बोलावणं येतं आणि तिथेच तो वाढतो, हे त्यांना थेट भिडतं. मराठीत त्यांना असं काय दाखवायचं म्हटलं, की मला महेश कोठारेंचा १९९० सालचा ‘धडाकेबाज’ आठवतो. लक्ष्मीकांत बेर्डेंचा लक्ष्या आणि हुबेहूब त्याच्यासारखा, बाटलीतला गंगाराम. आजी आणि नातू एकदमच हसतील असा सिनेमा. पण त्याचा नायकही मोठा माणूसच.

‘टिंग्या’, ‘किल्ला’, ‘नाळ’ मला फार प्रिय आहेत. चितंग्या बैलासाठी तुटणारा टिंग्या विसरता येत नाही. तरी हे बालपणाकडे मोठ्यांनी मागे वळून पाहिलेले सिनेमे आहेत. आठ वर्षांचं पोर ते गप्प बसून बघतं, ‘परत लावा’ म्हणत नाही. जादूच्या गोष्टीत सगळी सत्ता पोराच्या हातात येते, आणि तिचं काय करायचं हे ठरवताना ते मोठं होतं. आपण पडद्यावर नेमकं हेच सोडून दिलंय.

पैसा नाही, हे कारण मला पटत नाही. रामदास पाध्यांचा सिनेमातला तात्या विंचू १९९३ साली एका बाहुल्यावर उभा राहिला. रत्नाकर मतकरींचं ‘अलबत्या गलबत्या’ २०१८ साली पुन्हा रंगमंचावर आलं, तेव्हा वैभव मांगले यांच्या चेटकिणीला बघायला घरंच्या घरं लोटली. प्रेक्षक आहे, हे नाटकवाल्यांना कळलंय.

आणि गोष्टीसाठी लांब कशाला जायचं? आपला खटाव-माण घ्या. येरळेचं कोरडं पात्र, चारा छावणीत जनावरांबरोबर राहिलेली एक पोरगी. तिला पाऊस बोलावता येतो. गावभर धमाल, मास्तरांची छत्री उडते, आजीची वाळवणं भिजतात. मग तिला कळतं, की इथं पडलेला प्रत्येक थेंब शेजारच्या गावाच्या वाट्याचा होता, आणि तिथं तिची मामेबहीण राहते. आता तिनं काय करायचं?

हा सिनेमा कुणीतरी काढाच. मे महिन्यात लावा, तिकीट घरातल्या पाच जणांना परवडेल असं ठेवा, आणि त्यातल्या पोरांना आमच्या पोरांसारखंच बोलू द्या.